कट्टरपणा नेमका कुठं बसतो: ख्रिस्ती, नास्तिक आणि त्यांचे वाद

आमच्या जालन्यात ख्रिस्ती लोक काही कालपरवा आलेले नाहीत. नारायण शेषाद्री 1843 साली ख्रिस्ती झाले आणि पुढं त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, मिशनचा दवाखाना तर सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडं देव न मानणारे, विवेकवादी म्हणवणारे लोकही मराठवाड्यात जुनेच, नांदेडला नरहर कुरुंदकरांसारखा माणूस होऊन गेला, ज्यांनी देव मानला नाही पण मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत सगळं बारकाईनं वाचलं आणि मगच त्यावर बोलले. म्हणजे दोन्ही बाजूची माणसं आपल्यातलीच आहेत. पण आता या दोघांत वाद लागला की तो आपल्याकडचा वाटतच नाही, कारण तो मोबाईलवरच्या क्लिपमधून आलेला असतो, अमेरिकेतल्या कुठल्यातरी स्टेजवर कुणी कुणाची बोलती बंद केली त्याचा तो तुकडा, आणि तेच प्रश्न जसेच्या तसे इथं फेकले जातात.

कॉलेजातला एखादा नास्तिक पोरगा शेजारच्या कॅथलिक पोराला विचारतो, पृथ्वी 6000 वर्षांची कशी काय रे. आता कॅथलिक चर्च असं शिकवतच नाही. उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच मोकळीक दिली होती, आणि 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता नुसता तर्क राहिलेली नाही, त्याच्या पुढं गेली आहे. पृथ्वी काही हजार वर्षांचीच असं धरून बसलेले ख्रिस्ती आहेत, अमेरिकेत तर भरपूर आहेत, पण समोर बसलेला पोरगा त्यांच्यातला आहे का हे कुणी विचारलंच नाही. तिकडून हा ख्रिस्ती पोरगा उलटा म्हणतो, तुम्ही नास्तिक म्हणजे स्टॅलिनचे वारस. आणि ज्याला म्हणतोय तो बिचारा भोंदू बाबाच्या विरोधात काम करता करता नास्तिक झालेला, त्याचा आणि स्टॅलिनचा काय संबंध. दोघंही तिथं हजर नसलेल्या माणसाशी भांडायलेत. आणि दोघंही घरी जाऊन सांगणार की समोरचा लई कट्टर होता, ऐकूनच घेत नव्हता.

मला हा विषय जवळचा वाटतो म्हणून जरा नीट मांडतो. कट्टरपणा म्हणजे काय आणि तो कुठं बसतो, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, पण आपल्याकडं ते फारसं पोचलं नाही.

मिल्टन रोकीच नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1960 मध्ये याच्यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धानंतर हुकूमशाही वृत्तीचा अभ्यास सुरू झाला होता, पण तो सगळा उजव्या, फॅसिस्ट विचाराच्या लोकांवर. रोकीच म्हणाले की हे अर्धंच चित्र आहे, डाव्या बाजूचा माणूसही तितकाच बंद डोक्याचा असू शकतो, धार्मिक असू शकतो तसा धर्म न मानणाराही असू शकतो, तेव्हा माणूस काय मानतो हे बाजूला ठेवा आणि कसं मानतो ते बघा. नवी माहिती आली की ती खरी का खोटी हे तो माहितीवरून ठरवतो, का सांगणारा आपला आहे की परका यावरून ठरवतो? ज्यांचं आपल्याला पटत नाही त्या लोकांमधले आपसातले फरक त्याला दिसतात का, की सगळे एकाच गाठोड्यात? त्यांच्या मते डोकं बंद आहे की उघडं हे इथं कळतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे नाहीतर गडबड होते. ठाम असणं आणि कट्टर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी बाई आयुष्यभर येशूवर श्रद्धा ठेवते, रोज प्रार्थना करते, तिला शंका विचारली तर शांतपणे ऐकते, म्हणते की याचं उत्तर माझ्याजवळ नाही पण माझा अनुभव असा आहे, ती ठाम आहे, कट्टर नाही. आणि एखादा माणूस देव नाही असं ठामपणे म्हणतो, का म्हणतो ते सांगतो, अमुक पुरावा आला तर विचार बदलेन हेही सांगतो, तोही कट्टर नाही. सगळ्यांनी कुंपणावर बसावं, दोघांचंही थोडंथोडं खरं आहे असं म्हणावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. देव आहे आणि देव नाही ही दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकत नाहीत, कुणीतरी चूक आहेच.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधले कॅथलिक पाद्री, आणि पाद्री असूनच भौतिकशास्त्रज्ञ. 1927 मध्ये त्यांनी मांडलं की विश्व प्रसरण पावतंय, आणि 1931 मध्ये त्याच्या पुढं जाऊन म्हणाले की मग मागं मागं गेलं तर सगळं विश्व एका अतिशय घन अवस्थेतून सुरू झालं असणार. त्यालाच आपण आज बिग बँग म्हणतो. हे नाव दिलं फ्रेड हॉइल यांनी, 1949 च्या एका रेडिओ भाषणात, आणि हॉइल यांना ही कल्पनाच मान्य नव्हती. ते नास्तिक होते, विश्वाला सुरुवात आहे म्हटलं की मागल्या दारानं निर्माता आत येतो ही गोष्ट त्यांना खटकायची आणि त्यांनी ती लपवलीही नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 मध्ये वेगळा सिद्धांत मांडला होता, की विश्व कायमच होतं आणि असंच राहणार.

आता बघा 1951 मध्ये काय झालं. पोप पायस बारावे यांनी एका भाषणात असा सूर लावला की विज्ञान आता जगाच्या निर्मितीची साक्ष द्यायला लागलंय. आपल्याला वाटेल लमेत्र खूश झाले असतील, त्यांच्याच सिद्धांताला पोपचा आशीर्वाद. पण त्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, तो मानून देव न मानणारा माणूस देव नाकारायला मोकळा आहे आणि मानणारा मानायला. स्वतःच्या बाजूला फायदा होत असताना हा माणूस म्हणाला की नाही, एवढ्यावर एवढं सिद्ध होत नाही. मला वाटतं कट्टरपणाच्या अगदी विरुद्ध काय असतं ते इथं दिसतं.

पुढं 1965 च्या सुमारास आकाशात सगळीकडून येणारं मंद सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर झालं, ती विश्वाच्या सुरुवातीच्या तप्त अवस्थेची खूण मानली गेली, आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूला गेले. हॉइल गेले नाहीत, 2001 मध्ये वारले तोपर्यंत ते पर्याय शोधत राहिले. पण त्यांच्यावरही अन्याय नको. ताऱ्यांच्या पोटात कार्बनसारखी मूलद्रव्यं कशी तयार होतात हे समजावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्यासोबत पर्यायी सिद्धांतावर काम करणाऱ्यांत आपले जयंत नारळीकर होते, ते निरीक्षणं पुढं ठेवून प्रश्न विचारत राहिले. अल्पमतात असणं म्हणजे कट्टर असणं नव्हे. मुद्दा एवढाच की नास्तिक असलं म्हणून आवडनिवड विज्ञानात शिरत नाही असं नाही, आणि पाद्री असलं म्हणून ती शिरतेच असंही नाही.

एका माणसावरून कसं ठरवायचं, असं कुणी म्हणेल, बरोबर आहे. म्हणून अभ्यास बघू. 2017 मध्ये बेल्जियमच्या लुव्हाँ विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेनमधल्या 788 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नास्तिक, अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे सांगता येत नाही म्हणणारे), ख्रिस्ती आणि थोडे इतर धर्माचे लोक होते. त्यांनी कट्टरपणा एकाच पट्टीनं मोजला नाही. पहिल्या पट्टीत लोकांना स्वतःबद्दल विचारलं, तुमची मतं किती पक्की, किती न बदलणारी. त्यात ख्रिस्ती लोकांचे गुण जास्त आले आणि नास्तिकांचे कमी, म्हणजे जे आपण ऐकत आलो तेच. पण पुढच्या पट्ट्या आडवळणाच्या होत्या. एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी समोर आल्या तर दोन्हींत काही तथ्य असू शकतं का, आणि समोरच्याच्या जागी उभं राहून त्याला काय वाटत असेल याचा विचार करायची तयारी किती. इथं निकाल फिरला, धर्म न मानणारे या बाबतीत ख्रिस्ती लोकांपेक्षा कमी सहनशील निघाले. आणि धर्मावरचा असो का नास्तिकतेवरचा, विश्वास जितका घट्ट तितकी दुसऱ्या बाजूबद्दलची असहिष्णुता जास्त, असंही दिसलं.

याचा अर्थ नास्तिकच खरे कट्टर, असा काढायचा नाही, काही ख्रिस्ती प्रचारकांनी तो लगेच काढला. हे तीन युरोपीय देश आहेत, तिथली मंडळी आणि बीडचा नास्तिक यांची परिस्थिती एक नाही. पण एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, की मी मोकळ्या विचाराचा आहे असं स्वतःला वाटणं आणि तसं असणं यांत अंतर असतं. विवेकवादी माणसाला हे जास्त लागू होतं कारण मोकळेपणा हीच त्याची ओळख असते, आणि ओळखीला धक्का लागू नये म्हणून तो तपासायचंच राहून जातं.

त्याच सुमारास अमेरिकेत जॅरेड फ्रीडमन आणि अँथनी जॅक यांनी दुसरा अभ्यास केला. त्यात दोन्ही गटांत एक गोष्ट सारखी निघाली, चिकित्सक विचार करायची क्षमता जास्त तर कट्टरपणा कमी. पण नैतिक कळकळीचा परिणाम वेगवेगळा निघाला, ती जास्त असली की धार्मिक माणूस आणखी खात्रीचा होत होता आणि धर्म न मानणाऱ्याची खात्री थोडी सैल होत होती. म्हणजे एकाच पद्धतीनं दोघांशी बोलून भागणार नाही, आकडे आणि तर्कशास्त्राचे धडे वाचून दाखवले की श्रद्धाळू माणूस वितळेल असं समजणाऱ्या नास्तिकानं हे ध्यानात घ्यावं, आणि भावनेला हात घातला की नास्तिक वळेल असं समजणाऱ्या प्रचारकानंही.

मग पुरावा दाखवला तरी लोक बदलत का नाहीत? यावर 1979 मध्ये स्टॅनफर्डला एक प्रयोग झाला, तो फाशीच्या शिक्षेवर होता, धर्मावर नाही, पण तंतोतंत लागू पडतो. 48 विद्यार्थी घेतले, निम्मे फाशीच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एकात फाशीमुळं गुन्हे कमी होतात असं, दुसऱ्यात होत नाहीत असं, आणि दोन्ही संशोधकांनीच तयार केलेले. खरं तर दोन उलटसुलट अभ्यास वाचून माणूस जरा मवाळ व्हायला पाहिजे. झालं उलटंच, ज्याला जो अभ्यास सोयीचा तो त्याला उत्तम वाटला आणि गैरसोयीच्या अभ्यासात प्रत्येकानं खोट काढली, आणि आपलं आधीचं मत आणखी पक्कं झालं असं दोन्ही बाजूंनी सांगितलं. मत टोकाला जाणं दर वेळी घडतंच असं नाही हे नंतरच्या कामातून दिसलं, पण पुराव्याशी दुजाभाव मात्र पुन्हा पुन्हा दिसला. गैरसोयीचा पुरावा आला की आपण कापूस खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरसारखे बसतो, ओलावा किती, कवडी किती, आणि आपल्या बाजूचा पुरावा आला की गाडी न तपासता सरळ आत.

यातनं दोन्ही बाजूंच्या कट्टरपणाची ओळखीची रूपं तयार होतात. अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञानं 1950 मध्ये श्रद्धाळूंपुढं एक कथा ठेवली होती, मूळ कथा जॉन विस्डम यांची. जंगलात दोघांना एक मोकळी जागा दिसते, फुलं आहेत, तण आहे. एक म्हणतो इथं माळी येत असणार. पहारा देतात, कुणी दिसत नाही. मग तो माळी अदृश्य असेल. विजेचं कुंपण घालतात, कुत्री सोडतात, काहीच नाही. मग त्याला वासही नसेल, विजेचा झटकाही बसत नसेल. शेवटी दुसरा विचारतो, बाबा, असा माळी आणि नसलेला माळी यांत फरक काय उरला? प्रश्न खरंच बोचणारा आहे. प्रार्थना फळली तर देव, नाही फळली तर देवाची इच्छा, रोगी बरा झाला तर कृपा, गेला तर बोलावणं, असं प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असेल तर त्या म्हणण्याला चूक ठरायची जागाच राहत नाही.

पण याच फ्लूंचं पुढं काय झालं ते बघा. अर्धशतक नास्तिकतेची बाजू लढवून 2004 मध्ये त्यांनी जाहीर केलं की एखादी मूळ बुद्धिमान शक्ती असावी असं आता वाटतंय. ख्रिस्ती झाले नाहीत, बायबलचा देव मानला नाही, मरणोत्तर जीवनही नाही. तरी काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना जिंकून आणलेल्या ढालीसारखं मिरवलं आणि काही नास्तिकांनी म्हटलं की म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालंय. त्यांचा युक्तिवाद बरोबर का चूक, मला स्वतःला तो काही फार भक्कम वाटत नाही, पण तो वाचायची तसदी किती जणांनी घेतली? आपल्याकडचा माणूस पलीकडं गेला तर वेडा आणि पलीकडचा इकडं आला तर शहाणा, हा हिशोब चर्चमध्ये जेवढा चालतो तेवढाच नास्तिकांच्या ग्रुपवरही.

सत्ता मिळाली की हे किती भयंकर होतं हे दोन्हीकडं घडून गेलंय. गॅलिलिओवर 1633 मध्ये खटला चालवून त्याला घरात कोंडलं, आणि चर्चनं चूक झाली हे उघड मान्य केलं 1992 मध्ये. सोव्हिएत रशियात 1925 पासून निरीश्वरवाद्यांची संघटना सरकारच्या आशीर्वादानं चालली, 1931 मध्ये मॉस्कोचं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं, आणि अल्बानियानं 1967 मध्ये धर्मावरच बंदी घातली.

आता आपल्या मातीतला प्रश्न घेतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, किल्लारी हादरली, लातूर आणि धाराशिवच्या गावांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. चांगला देव असेल तर हे का, हा धर्माच्या वादातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मराठवाड्यात तो पुस्तकातला नाही. कट्टर श्रद्धाळू म्हणतो, पापाचं फळ. कुणाच्या पापाचं, पाळण्यातल्या लेकराच्या? बायबलमध्येच ईयोबाची गोष्ट आहे, त्याचं सगळं जातं, मुलं मरतात, आणि त्याचे मित्र येऊन समजावत राहतात की तुझं काहीतरी पाप असणारच. शेवटी देव रागावतो कुणावर, तर त्या मित्रांवर, की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला. ज्यानं देवाला जाब विचारला तो खरा ठरला, आणि ज्यांनी देवाची पाठराखण केली ते खोटे. माझ्या ख्रिस्ती मित्रांना मी नेहमी म्हणतो की तुमच्या ग्रंथातच ही ताकद आहे, ती वादात का वापरत नाही.

आणि नास्तिकानंही इथं घाई करू नये. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, म्हणून एवढी माणसं गेली, हे खरं आणि महत्त्वाचं, कारण पुढची घरं त्यावरून बांधायची असतात. पण किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता हेही खरं. तज्ज्ञांचा अंदाज चुकला, मग अभ्यास झाला आणि 2002 च्या नकाशात तो सगळ्यात कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला. विज्ञानाची शान मला इथं दिसते, चुकलं ते पुसून नवं लिहिलं. विज्ञानाचं नाव घेऊन वाद घालणाऱ्यानं हा भाग उचलावा, नुसता रुबाब नको.

वाद चांगला होऊ शकतो हे दाखवणारे नमुनेही आहेत. 1948 मध्ये बीबीसीवर कॅथलिक पाद्री फादर कोपलस्टन आणि देव न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल देवाच्या अस्तित्वावर बोलले. आधी देव म्हणजे नेमकं काय म्हणायचंय यावर दोघांनी एकमत केलं. मग कोपलस्टननी विचारलं, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का, आणि रसेल म्हणाले नाही, माझी भूमिका अज्ञेयवादी आहे. कुणी जिंकलं नाही, पण ऐकणाऱ्याला फरक कुठं आहे ते कळतं. आणि आपल्याकडं तर पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकातच हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघं एकमेकांच्या ग्रंथातल्या अडचणी अगदी सडेतोड काढतात, काही झाकत नाहीत, आणि शेवटी गळाभेट घेतात. पंडिता रमाबाई 1883 मध्ये ख्रिस्ती झाल्या, पण त्रैक्यासारखी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण नुसती चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्यांनी नकार दिला, आत्ताच एका पुरोहितशाहीचं जू उतरवलंय, लगेच दुसरं घेणार नाही असं आपल्या ख्रिस्ती गुरू सिस्टर जेराल्डिन यांना पत्रातून कळवलं. श्रद्धा सोडली नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत.

एक गोष्ट मात्र या अभ्यासांत नीट येत नाही. आपल्या भागात ख्रिस्ती आणि नास्तिक दोघंही थोडे आहेत. खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या पोरानं चारचौघांत शंका बोलून दाखवली तर पलीकडचे म्हणणार, बघा, यांचंच यांना पटत नाही, आणि घरचे म्हणणार, तू आपल्या माणसांना तोंडघशी पाडलंस. नास्तिक पोरीनं वडिलांच्या श्राद्धाला बसणार नाही म्हणून घरात भांडण घेतलेलं असतं, आता तिनं कबूल केलं की विश्वाला सुरुवात का झाली हे मला माहीत नाही, तर आजीपासून काकापर्यंत सगळे तेच धरून बसणार. शंका घ्यायची किंमत जिथं एवढी मोठी तिथं माणूस हट्टाला पेटतो, त्याचं डोकं बंद असतं म्हणून नाही, मागं सरकायला जागा नसते म्हणून. म्हणून अवघड प्रश्न विचारायचा असेल तर ग्रुपवर, चाळीस जणांसमोर विचारू नका. दोघंच असताना विचारा, आणि आधी त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूनं इतकं नीट सांगा की तो म्हणेल हां, हेच म्हणायचंय मला, आणि मग विचारा की तुझ्या बाजूतला तुला स्वतःला न पटणारा मुद्दा कोणता, आणि त्याच्या आधी आपला सांगा.